उसन्या दशकाचं गाऱ्हाणं

माझ्या बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवशी मी घातलेली पॅंट माझी नव्हती, ही गोष्ट गावाला प्रत्यक्ष देवाच्या साक्षीने कळली.

सुरुवात बायकोच्या थोरल्या बहिणीपासून होते. (आमच्या घरातल्या बहुतेक आपत्ती तिथूनच सुरू होतात.) शैलाताई डोंबिवलीहून मिठबावला आली की सगळं निरखते, घावणे पोटभर खाते आणि निघताना म्हणते, "छान हो, गावाच्या मानानं!" हे 'मानानं' गेली पंचवीस वर्षं सुनंदाच्या घशात पेडवा माशाच्या काट्यासारखं अडकलंय. यंदा तिने मला बजावलं, "माका साडी नको, सोना नको. फक्त ताईच्या तोंडातसून 'गावाच्या मानानं' येवक नको. जमतला?"

"जमतला!" मी म्हणालो. (इथे जीभ चावली असती तर आज सुखात असतो.)

साडूंनी आपल्या साठीला हॉल घेऊन जुन्या दशकाची पार्टी केली होती. सजावट भाड्याची! मी म्हटलं, आपण सत्तरचं दशक करू, सुनंदाच्या जन्माचं. आणि भाडं कशाला? अख्ख्या गावाच्या माळ्यांवर सत्तरचं दशक धूळ खात पडलंय! तीन दिवस दारोदार हिंडून मी शेजारच्या दाजीकाकांचा लाकडी रेडिओ मिळवला (मुका, पण भारदस्त), भजनी मंडळाची पेट्रोमॅक्स बत्ती आणली, खालच्या वाडीतल्या वैनीची वेताची खुर्ची उचलली. बाबलकाकांनी मुंबईच्या नोकरीत हौसेने शिवून घेतलेली बेलबॉटम पॅंटही मी सोडली नाही. तिची पायाकडची मोहरी एवढी रुंद की वारा भरला तर होडी चालावी. कंबर मात्र माझ्या मांडीच्या मापाची!

दाजीकाकांची एकच अट होती. "रेडिओ न्हे, पण सुरवातीक गाराणा मी घालतलंय. देवाक सांगल्याशिवाय कार्य करूचा नाय!"

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. फुकटात उद्घाटन! मी लगेच कबूल झालो.

संध्याकाळी शैलाताई साडूंसोबत आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरली आणि चक्क थांबली. "अय्या! हा रेडिओ?"

"आमच्या आजोबांचा."

"आणि ही खुर्ची?"

"आजीची. हिच्यातच गेली बिचारी." (आजी जन्मात पाटाशिवाय कशावर बसली नव्हती.)

"सुनंदा, एवढं सगळं होतं आणि कधी बोलली नाहीस गं!" शैलाताई म्हणाली. सुनंदाचा चेहरा असा उजळला की बत्ती पेटवायची गरज उरली नाही.

तेवढ्यात वस्तूंचे मालक आले. आमच्या गावात वस्तू उसनी देतात, पण एकटी सोडत नाहीत! दाजीकाका रेडिओला टेकून बसले. वैनी आजीच्या मृत्युशय्येवर ऐसपैस बसली. बाबलकाका माझ्यासमोर उभे राहून पॅंटीवर नजर रोखून म्हणाले, "बसू नको रे! शिवण जायत!"

"तुम्ही बसत का नाही?" शैलाताईने विचारलं.

"सत्तरच्या दशकात यजमान उभेच असत," मी म्हणालो.

मग दाजीकाका उठले. हात जोडले. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या लेकरान बायलेचो वाढदिवस मांडल्यान आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येका माझो रेडिओ, भजनाची बत्ती नि वैनीची खुर्ची मागून हाडूची लागली. ती सगळी आपापल्या घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज साडूंचा. मोबाइलवर चित्रीकरणही चालू!

मी दाजीकाकांच्या सदऱ्याला हिसका दिला. त्यांना वाटलं, काहीतरी राहिलं.

"आणि बाबलच्या पॅंटीची शिवण केक कापीसर तरी धरून ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवाने बाकी सगळं ऐकलं. सुनंदासोबत केक कापायला मी वाकलो आणि असा आवाज झाला की रेडिओ बोलला म्हणून दाजीकाकांचे डोळे पाणावले.

"काढ!" बाबलकाका गरजले. "आत्ताच्या आत्ता काढ!"

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तोवर बाकीच्यांनीही धसका घेतला होता. रेडिओ निघाला, बत्ती निघाली, खुर्ची वैनीच्या डोक्यावरून निघाली. दहा मिनिटांत सत्तरचं दशक बेड्याच्या फाटकातून बाहेर पडलं. मागे उरलं रिकामं खळं आणि अर्धा केक.

शैलाताईने सगळीकडे नजर फिरवली. "सुनंदा, यातलं तुझं असं काय होतं गं?"

सुनंदाने हातातली सुरी केकशेजारी ठेवली. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "हो एकलो. सगळ्यांनी आपापला न्हेला. हेका न्हेवक मात्र कोण येणा नाय!"

शैलाताईने मला टॉवेलापासून टकलापर्यंत न्याहाळलं.

"छान आहेत हो," ती म्हणाली, "गावाच्या मानानं!"

"व्हय म्हाराजा!" साडू ओरडले.