न्हाणीघरातली जाळी

आमचे हे घरांच्या फटी बुजवतात. दाराखालची, खिडकीच्या चौकटीतली, छपरातली. आतली ऊब बाहेर जाऊ नये, विजेचं बिल फुगू नये म्हणून. पेटती मेणबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरतात. ज्योत हलली की फट सापडली! लोक फटमास्तर म्हणतात आणि स्वारी खूश होते.

गेल्या रविवारी वन्सांचं घर केलं. यांची थोरली बहीण, एकट्याच राहतात. यांनी फट बुजवायची आणि त्यांनी खिडकी उघडायची, हा दोघांचा जन्माचा वाद.

"ताई, अख्खं जग गरम करणार आहेस का?"

"मला कोंडल्यासारखं होतं रे!"

त्या दिवशी अशी जुंपली की यांनी रागाच्या भरात न्हाणीघराची खिडकीसुद्धा पट्टी चिकटवून बंद केली. "उघडलीस तर याद राख!"

दुसऱ्याच दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बाथरूमची हवा जायची जाळीही बुजवा म्हणाले.

"छे! गॅसचा गीझर आहे ना तिथे? विषारी वायू कोंडेल, माणूस आतल्या आत..." हे बोलता बोलता थांबले. चेहरा पांढराफटक. "अगं, ताईकडेही गॅसचाच गीझर. तिथली जाळीपण मी बुजवली."

वन्सांची अंघोळीची वेळ तीच. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. यांना स्कूटरची किल्लीच लावता येईना. शेवटी मीच चालवली. वाटेत देवाला विनवलं आणि यांना शिव्या घातल्या, दोन्ही मनापासून.

वन्सांच्या घराचं दार बंद. आत पाण्याचा आवाज. हे दारावर धडका मारत "ताई, ताई" ओरडत होते.

पाणी थांबलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. केस निथळताहेत, कपाळाला आठ्या. "आग लागलीय का कुठे?"

हे त्यांना बाजूला सारून थेट न्हाणीघरात. वर जाळी गच्च बुजलेली. खिडकी मात्र सताड उघडी, फाडलेली पट्टी लोंबत होती.

"ओरडू नकोस हं, मीच फाडली," वन्सं आधीच भांडायच्या तयारीत.

हे ओल्या फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मलाही आवरेना.

वन्सं घाबरल्याच. "बरं बाबा, लावते खिडकी. एवढं काय त्यात!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

यांनी तो हात धरला. "नको ताई. उघडीच राहू दे."