येसर कट्ट्याच्या अध्यक्षीणबाई

गंगासागरबाईंना माणसं गोळा करायचा नाद होता. बीडच्या बसस्टँडवर एका पाहुणीला पोचवायला गेल्या, तर येताना भलत्याच दोघींना घरी घेऊन यायच्या. त्या कोण, कुठल्या, हे चहा झाल्यावर विचारायचं. नवऱ्याचं, म्हणजे राजेश्वरअप्पांचं, पेठेत किराणा दुकान होतं, त्यामुळे चहासाखरेला घरात तोटा नव्हता. अप्पांच्या कपाळावर भस्माखाली आठ्या पडायच्या. त्या आठ्यांकडे बघणं गंगासागरबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं.

अशा बाईची एकुलती एक लेक उठून अमेरिकेला गेली. शिवांजलीचा नवरा कॉम्प्युटरवाला. त्या वर्षांत बीडमध्ये ज्याला त्याला कॉम्प्युटरवाला जावई हवा असायचा, आणि मिळाला की मग विमानतळावर जाऊन रडावं लागायचं. दर रविवारी लेकीचा फोन यायचा. कशी आहेस? छान. जावई? छान. थंडी? छान. येसर केलंस का? "हो आई, मस्त झालं."

आईला लेकीच्या रडण्याची भीती वाटत नाही, पण असल्या गुळगुळीत 'छान'नं जीव खालीवर होतो. "कायतरी हाय," गंगासागरबाई अप्पांना म्हणायच्या. "पोरगी बोलत न्हाई."

"छान हाय म्हणती ना? मग तुला कावून वाईट पायजे?" अप्पा म्हणायचे आणि गल्ल्याकडे वळायचे. नवरे ह्या बाबतीत सगळीकडे सारखेच.

कोचिंग क्लासच्या जिन्याखाली तेव्हा फैजानचा सायबर कॅफे नवा नवा निघाला होता. फैजान गावभर वायरी जोडत फिरायचा आणि गल्ल्यावर त्याची बायको फरजाना बसायची. चांगली तिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, हसली की अख्खा कॅफे मान वर करून बघणार. लेकीला ईमेल कसा धाडतात हे विचारायला गंगासागरबाई तिथे गेल्या, आणि दोन आठवड्यांत फरजानाशी त्यांची अशी गट्टी जमली की फैजानलाच घरी जेवायला परवानगी घ्यावी लागेल की काय असं वाटायला लागलं.

चर्चागटाची कल्पना फरजानाचीच. "मावशी, एकीला लिहिता ते सगळ्यांना लिवा की. कट्टा असतो इथं. मेंबर करायचे, सगळ्यांनी लिवायचं, सगळ्यांनी वाचायचं."

"मग शिवांजली पण लिहील?"

"चार बायका बोलायल्या की पाचवी गप बसती का?"

एवढं बोलणं गंगासागरबाईंना पुरेसं होतं. कट्टा निघाला. नाव ठेवलं 'येसर कट्टा', कारण मराठवाड्यातून बाहेर पडलेल्या बाईला माहेरची आठवण येते ती येसराच्या वासानं. ज्वारी, गहू, डाळी, धने, खोबरं आणि खडा मसाला निगुतीनं भाजून केलेलं ते पीठ. लग्नघरी त्याची आमटी रटरटायला लागली की वऱ्हाड मांडव सोडून स्वयंपाकघराकडे सरकतं.

मेंबर करण्याचं काम गंगासागरबाईंनी असं काही मनावर घेतलं की बायका त्यांना बघून रस्ता बदलायला लागल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कुंकू लावायच्या आधी तिच्या पुण्यातल्या सुनेचा ईमेल विचारला जायचा. लग्नात त्या नवरीच्या मागे लागायच्या, "अगं, उखाणा मागनं घे, आधी ईमेलचा पत्ता सांग." पुण्याच्या झाल्या, बंगळूरच्या झाल्या, मस्कतमधल्या एक बाई आल्या. लातूरची एक अनोळखी मास्तरीण तर न बोलावता आली. त्या दिवशी गंगासागरबाईंनी कॅफेतल्या सगळ्यांना पेढे वाटले. शिवांजली तर पहिल्याच दिवसापासून मेंबर होती.

मेंबर वाढले. बोलेना मात्र कुणीच.

गंगासागरबाई रोज दुपारी येऊन एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. आज चुरमुऱ्यांचा सुशीला, उद्या धपाटे, परवा शेंगांची पोळी. पंगतीत वाढावं तसं भरभरून वाढत होत्या आणि समोरून 'पुरे' म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. "ह्या सगळ्या येतात मावशी," फरजाना पडद्यावर बोट ठेवून म्हणायची. "येतात, वाचतात, गुमान जातात. शिवांजली रोज येती."

रोज येते आणि बोलत नाही. हे ऐकून गंगासागरबाईंचं काळीज चिरलं. मांडव घालून बसावं आणि वऱ्हाडानं रस्त्यावरून बघून पुढे जावं, असं झालं त्यांना.

त्यातच कट्टा चालवणाऱ्या कंपनीची इंग्रजी नोटीस आली. फरजानानं वाचून दाखवली. मेंबरांपैकी कुणीच काही लिहीत नसेल, तर महिनाअखेर हा गट बंद करण्यात येईल.

"असा कसा बंद करतेत? मी लिहिते की!"

"तुमी घरमालक हाव मावशी. पाहुण्यांनी बोलाया पायजे म्हणे."

खुलासा झाला तो एका बारशात. छबुबाईंची सून ईश्वरी त्यासाठी पुण्याहून बीडला आली होती. छबुबाई म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहीण, घाटनांदूरच्या आक्का. अख्ख्या गोतावळ्यात येसर म्हटलं की आक्कांचंच. पार काळपट होईपर्यंत भाजलेलं, चिंचगुळात उतरलेलं. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही सून रडल्याशिवाय येसर शिकली नव्हती. गंगासागरबाईंनी ईश्वरीला पाळण्यामागे गाठलं. "कट्ट्यावर कावून लिहीत न्हाईस गं? तोंडात काय धरलंस?"

ईश्वरीनं इकडेतिकडे बघितलं. "मामी, रागावू नका. सासूबाई वर बसल्यात अन् मी खाली लिहू, की माझी डाळ करपली?"

गंगासागरबाईंनी कपाळाला हात लावला.

चूक त्यांचीच होती, आणि ती त्यांना मोठ्या मानाची वाटली होती. लग्नपत्रिकेत थोरल्यांचं नाव वर घालतात, तसं त्यांनी कट्ट्याच्या कपाळावर पहिल्याच दिवशी टाकलं होतं: 'श्रीमती छबुबाई यांच्या आशीर्वादाने. अध्यक्षा: छबुबाई आक्का, घाटनांदूर.' त्यांच्या नावानं ईमेल काढून त्यांना पहिली मेंबरही करून टाकलं होतं. पत्रिकेत नाव घालताना थोरल्यांना कोण विचारतं? यांनीही विचारलं नव्हतं. मेंबरांतल्या निम्म्या नात्यातल्या, त्या आक्कांना भ्यायल्या. उरलेल्या परक्या, त्यांनी विचार केला, अध्यक्षीणबाई बोलल्याशिवाय आपण कसं तोंड उघडायचं?

आता नाव काढावं, तर थोरल्या नणंदेचा जाहीर अपमान. मग मेल्यावरसुद्धा आक्कांनी माफ केलं नसतं. ठेवावं, तर महिनाअखेर कट्टा बंद. अप्पा म्हणाले, "मी यात न्हाई." हे सांगायची गरज नव्हती, ते कशातच नसायचे. शेवटी गंगासागरबाईंनी नारळ घेतला, खण घेतला आणि अंबाजोगाईची बस धरली. तिथून दुसऱ्या बसनं घाटनांदूर.

आक्का ओट्यावर धने निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटर, कट्टा, मेंबर यातलं किती कळलं देव जाणे, पण कळायचं ते बरोबर कळलं.

"म्हंजे तू मला न इचारता अध्यक्ष केलंस?"

"चुकलं आक्का."

"अन् मी गप हाय म्हणून समद्या माझ्याकडं बघत बसल्यात?"

"व्हय."

"किती दिसांपासनं?"

"चार महिने झाले."

आक्कांनी सूप बाजूला सारलं. "चार महिने माणसं ताटावर ताटकळली अन् तू आज येतीस व्हय गंगे? अध्यक्षाला खुर्ची तरी हाय का?"

"हाय की. गोल फिरती."

कॅफेत आक्का आल्या तो दिवस फरजाना अजून सांगते. नऊवारीतल्या आक्का खुर्चीवर बसल्या, खुर्ची फिरली, त्यांनी टेबल घट्ट धरलं आणि "हिला बांधा आधी" असं फर्मान सोडलं. पलीकडच्या कॉम्प्युटरवर बसलेली कॉलेजची पोरंही आपापल्या खुर्च्या धरून बसली. फरजाना लिहायला बसली. गंगासागरबाईंना वाटत होतं, आक्का आता आपलं नावाजलेलं येसर सांगणार, भाजण्यावर दोन दरडावणीच्या गोष्टी सुनावणार. तेवढंही पुरे होतं.

"लिव," आक्का म्हणाल्या. "म्या नवी नवरी असताना, दिराच्या लग्नात, येसर भाजायला बसले. भाईर वाजंत्री आली. मला वाजंत्रीचा लई नाद. खिडकीतनं बघत ऱ्हायले अन् समदं करपलं."

फरजानाची बोटं थांबली. "आक्का, हे लिवायचं?"

"लिव म्हणलं की लिवायचं. दुसरं करायला वेळ न्हवता. भीतीनं चिंच अन् गूळ दुप्पट घातला. व्याह्यांनी आमटी मागून मागून खाल्ली. सासू समद्यांपुढं म्हणली, येसर करावं तर आमच्या छबूनं. आता मी काय बोलणार व्हते? दुसऱ्या टायमाला चांगलं भाजलं, तर म्हणल्या, पहिल्यावानी न्हाई झालं. मग जल्मभर करपवलं. माहेरात पण तेच शिकवलं."

गंगासागरबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "आक्का! माझं पहिलं येसर तुमी कच्चं म्हणून म्हशीला घातलंत!"

"घातलं," आक्का शांतपणे म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा उतरला. "चांगलं झालतं गं ते. वासावरनंच कळलतं मला. तुझं चांगलं म्हणले असते, तर माझं काय ऱ्हायलं असतं?"

गंगासागरबाईंना राग आला, रडू आलं, आणि दोन्हीच्या मधून हसूच फुटलं. फरजाना आधीपासूनच पदर तोंडात धरून हसत होती. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "हेबी लिव," त्या म्हणाल्या. "अन् खाली लिव, आता तुमचं सांगा. अध्यक्ष इचारतीय."

दुसऱ्या दिवशी गंगासागरबाई येण्याआधीच फरजाना दारात येऊन उभी होती. कट्ट्यावर नुसता गोंधळ उडाला होता. ईश्वरीनं लिहिलं होतं की तिनं पहिल्या संक्रांतीचे तिळाचे लाडू खलबत्त्यात फोडून वाढले. मस्कतच्या बाईंची पुरणपोळी विमानतळावरच्या शिपायानं हुंगून परत दिली होती. लातूरच्या मास्तरणीनं आपली फजिती लिहिली, ती वाचून तिच्या शाळेतल्या चौघी मेंबर झाल्या. त्यांनी आपल्या बहिणींना ओढलं. महिनाअखेर आली आणि गेली, कंपनीची नोटीस पुन्हा कुणाला आठवली नाही. पुढे पुरुषही आले. हैदराबादचे कुणी उत्तरेश्वर म्हणून होते, त्यांनी भाकरी थापायला गेलो आणि नकाशा झाला असं लिहिलं. बायकांनी त्यांना इतकं सांभाळून घेतलं की त्यांचं रोजचं लिखाण आवरता आवरेना. आक्कांना दर आठवड्याला फोनवरून सगळं वाचून दाखवावं लागे. नाहीतर त्या रागवायच्या.

सगळे बोलत होते. शिवांजली तेवढी बोलत नव्हती.

गंगासागरबाई पडद्यावर आधी तिचंच नाव शोधायच्या. दिसलं नाही की हसून दुसऱ्यांना उत्तरं द्यायच्या. फरजानाला ते कळायचं.

आणि मग एका दुपारी ते नाव दिसलं.

'आई, मी तुझ्याशी खोटं बोलले. येसर एकदाच केलं होतं. आत्यांसारखं काळं होईपर्यंत भाजलं, तर घरात धुराची घंटा वाजली. आगीचा बंब आला. अख्खी इमारत रात्रीच्या कपड्यांत खाली उभी होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. हे काही बोलले नाहीत, पण मला लई लाज वाटली. तेव्हापासून आपलं काहीच केलं नाही. पाव खातो. तुला वाईट वाटेल म्हणून दर रविवारी छान म्हणते.'

गंगासागरबाईंनी ते पुन्हा वाचलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. मग एक बोट उचललं आणि लिहायला लागल्या, 'येसर मंद आचेवर भाजायचं असतं, आधी ज्वारी' इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. "फरजाना, हे समदं पुसायचं कसं गं?"

फरजानानं पुसून दिलं.

मग त्यांनी लिहिलं, 'पाव खा बाळा. पावाला काय झालं? पण बोलत जा.'

तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटली असणार. तरी उत्तर लगेच आलं, म्हणजे पोरगी जागीच होती.

'आई, मला इथं अजिबात करमत न्हाई.'

"या अल्ला," फरजाना हळूच म्हणाली.

गंगासागरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "लिहू दे तिला," त्या म्हणाल्या. "मी हाय इथं."