सोजरकाकूंचं तोंडाला लावायचं तेल

सुप्याला आमच्या घरी फोन नाही. समोरच्या किराणा दुकानात येतो आणि दुकानदाराची बायको गॅलरीत उभी राहून हाक मारते. त्या दिवशी तिनं नुसतं "कर्जतचा फोन" म्हटलं आणि मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. फोनवर मंगल होती, सोजरकाकूंची एकुलती एक मुलगी. "बाई, आई गेली... सकाळी चूल पेटवता पेटवता." मी काहीतरी बोलले असेन, काय ते आठवत नाही. मग मंगल म्हणाली, "नाना सारखं इचारत्यात, मंडळी कुठं गेली म्हनून. त्यांना काय सांगू?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. काकूंनीच ते माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. पण मेलेल्या बाईचं अंग अजून घरात आहे आणि आपण तिच्या लेकीला तेलाचं सांगायचं, हे मला जमलं नाही. मी म्हटलं, "मी येते."

नोकरी लागली तेव्हा मी कर्जतला काकूंच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला कळते असा माझा समज होता. काकूंचे यजमान, नाना, यांचा बाजारपेठेत मशीनवरचा तेलघाणा होता. आमच्या जिरायत भागात करडई अमाप, त्यामुळे घाण्यावर बाराही महिने करडईचंच काम. काकू नवऱ्याच्या बरोबरीनं तिथं उभ्या राहायच्या. पेंड उपसायची, डबे भरायचे, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. तीस वर्षं त्या यंत्राशेजारी काढल्यानं नानांचे कान पार गेलेले होते. काकूंचा आवाज घाण्यावर ओरडून ओरडून पहाडी झालेला, पण तोही नानांना ऐकू येत नसे. दोघांचा सगळा संसार खाणाखुणांवर चालायचा आणि भांडणंही खुणांनीच व्हायची. ती बघायला मला फार आवडायचं. नाना हात उडवायचे, काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या, आणि दोन मिनिटांत चहा व्हायचा.

मग नानांना झटका आला. नगरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, हातपायही बऱ्यापैकी चालू लागले, पण डोक्यातली माणसं पुसली गेली. घर ओळखू यायचं, भाकरी कळायची, बिडी लागायची. काकू मात्र ओळखू यायच्या नाहीत. घाणा दुसऱ्याला देऊन काकू घरीच बसल्या आणि रोज सकाळी नवरा त्यांच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसा अदबीनं बघू लागला. भिंतीवर दोघांचा जत्रेत काढलेला फोटो होता, मागं रंगवलेला धबधबा, पुढं विशी-बाविशीतल्या काकू, नाकात नथ. नाना त्या फोटोकडे बोट करून आल्यागेल्याला सांगायचे, "ही आमची मंडळी. गावाला गेलीय, यील आता." आणि हे ऐकत काकू चहाचा कप घेऊन त्यांच्या शेजारी उभ्या असायच्या.

एके दिवशी काकू माझ्याकडे आल्या आणि दाराशी उभं राहूनच म्हणाल्या, "बाई, सुरकुत्या जायाला काय लावत्यात?" मी चक्क हसले. गावात नुकतीच पहिल्या ब्युटी पार्लरची पाटी लागली होती आणि टीव्हीवर उठताबसता क्रीमच्या जाहिराती चालायच्या, तेव्हा म्हटलं, म्हातारीलाही वारं लागलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळ्यांना हसवलं. हेही सांगायला हवं. नळावरच्या बायका तर तोंडावरच म्हणायच्या, "सोजरबाय, पुन्यांदा हळद लावायची हाय का काय?" काकू कुणालाच उत्तर देत नव्हत्या. मला मात्र त्यांनी काही दिवसांनी, जवस निवडता निवडता, सहज सांगावं तसं सांगितलं. "त्यांच्या ध्यानात फोटोतली मी हाय. ही म्हातारी त्यांनी बगितलीच न्हाई जनू. मंग मलाच फोटोवानी व्हाया पायजे ना?"

तेलाची कृती त्यांनी इकडून तिकडून जमवली होती. थोडी आईकडून आलेली, थोडी काष्ठौषधीच्या दुकानदाराकडून, उरलेली त्यांची स्वतःची. मंजिष्ठा, ज्येष्ठमध आणि वाळा आदल्या दिवशी भिजत घालायचा, सकाळी त्याचा काढा करायचा. आंबेहळद उगाळून घ्यायची. दारातल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या वाटून घ्यायच्या. हे सगळं करडईच्या तेलात, कारण घरात दुसरं तेल कधी आलंच नव्हतं. मग पितळी पातेलं मंद आचेवर ठेवून पाणी आटेपर्यंत बसून राहायचं. मी म्हणायचे, जाळ मोठा करा, तर काकू मला उठवून लावायच्या. खाली बसलेला लगदा बोटांत घेऊन वळून बघायचा, त्याची वात वळली की झालं. तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. कापसाची वात तेलात बुडवून पेटवायच्या आणि कान देऊन बसायच्या. तडतडली की, "अजून पानी हाय." पुन्हा पातेलं चुलीवर. वात गुपचूप जळली की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी तरुणपण म्हणेन, बाटलीतल्या तेलाचा त्यात काही वाटा नव्हता.

पंधरा-वीस दिवस त्या नेमानं ते तेल तोंडाला, गळ्याला चोळत होत्या आणि एका सकाळी नाना त्यांच्याकडे बघून म्हणाले, "कवा आली गं गावावरनं?" काकू धावत माझ्याकडे आल्या. मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. कातडी मऊ झाली होती, थोडी तुकतुकी होती, पण सुरकुत्या होत्या तिथंच होत्या. तसं मी बोलले नाही. मला वाटलं, प्रेमाला दिसत असेल काहीतरी. नळावरच्या बायकांची थट्टा बंद झाली आणि त्याही तेल भरून घ्यायला रिकाम्या बाटल्या आणून देऊ लागल्या. रोज सकाळी तेल लावायचं, मग चहा घेऊन जायचं, आणि नानांनी "आली का?" म्हणायचं. कधी ओळख दिवसभर टिकायची, कधी दुपारपर्यंत, पण टिकायची.

हे सगळं मी बिघडवलं. माझा हेतू चांगला होता, पण बिघडवलं मीच. एका मासिकात वाचलं होतं की चेहऱ्यासाठी बदाम तेलासारखं दुसरं तेल नाही. एका प्रशिक्षणासाठी नगरला गेले होते, तिथून बाटली आणली आणि काकूंना म्हटलं, "त्या करडईचा वास किती मातकट येतो! या खेपेला यात करून बघा." काकू आधी का-कू करत होत्या, पण बाई शिकलेल्या, म्हणून त्यांनी ऐकलं. तेल सुरेख उतरलं. जुन्या बाटलीबरोबर काकू तेही लावू लागल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी स्वतःवरच खूश झाले. आठव्या दिवशी करडईची बाटली संपली आणि काकू पूर्णपणे बदामावर आल्या. त्या सकाळी चहा घेऊन गेल्या तर नाना दारात आडवे उभे राहिले. "घरात बायामानूस न्हाई," ते नम्रपणे म्हणाले, "नंतर या."

चार दिवस तेच. आता तर नाना परक्या बाईच्या हातचं खातही नव्हते, शेजारचा एक जण येऊन त्यांना भरवायचा. काकू माझ्या पायरीवर येऊन बसल्या. "बाई, लईच तरणी दिसाया लागले का काय मी?" असं म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मी समजूत घालत होते, आजारच तसा आहे, डॉक्टरांना विचारू... सगळं पोकळ. पाचव्या दिवशी त्या मन रमवायला म्हणून करडईचा जुना डबा घासायला काढून बसल्या. हात बुडाच्या चिकट तेलानं माखलेले, तेवढ्यात नानांनी पाण्याची खूण केली. काकूंनी तशाच हातानं तांब्या पुढं केला. नानांनी तांब्या न घेता मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि रागानं म्हणाले, "कुठं गेल्ती गं एवढे दिवस?"

काकूंनी मला खिडकीतून हाक मारली ती अजून माझ्या कानात आहे. मी गेले तेव्हा नाना त्यांचा हात धरून बसले होते आणि काकूंच्या डोळ्यांतून धार लागली होती. "बगा," त्या म्हणाल्या, "मी आपली तोंडाच्या मागं लागलेली." तीस वर्षं दोघांच्या अंगाला, लुगड्याला, अंथरुणाला करडईचा वास होता. घाणा सुटला, वास सुटला, आणि नानांची बायको हरवली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना जे कळलं नाही ते एका न घासलेल्या डब्यानं सांगितलं. मी बदामाचं तेल घरी नेलं. काकूंनी पुन्हा करडई आणली, पण मंजिष्ठा आणि गुलाब मात्र सोडला नाही. मी विचारलं, आता नुसतं तेल लावलं तरी चालेल की? तर चक्क लाजल्या. "त्यांच्यासाठी हाताला. तोंडाला माज्यासाठी."

माझ्या यजमानांना सुप्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी बदली घेऊन इकडे आले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कर्जतला गेले ती शेवटची भेट. काकू थकल्या होत्या, जिना चढताना थांबत होत्या. त्यांनी मला समोर बसवून अख्खं तेल माझ्याकडून करून घेतलं, शाळेत मी मुलींकडून प्रयोग करून घेते तसं. वात पेटवून कान द्यायला लावला. "मंगलला शिकवाया गेले तर ती रडती," त्या म्हणाल्या. "मी आदी गेले तर ह्यांनी कुनाची वाट बगायची? तुमी ध्यानात ठेवा म्हंजे झालं." निघताना एक बाटली हातात ठेवली. "तुमच्याबी डोळ्यांखाली रेघा आल्यात." मी ती बाटली घरी आणून कपाटात ठेवली आणि उघडली नाही. काकूंशिवाय त्या वासाचं मी काय करणार होते?

फोन आला त्या दिवशी मी पोचले तेव्हा काकूंना नेलेलं होतं आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात तेलाचा विषय काढता आला नाही. तेराव्याला पुन्हा गेले तेव्हा नानांनी धड जेवणं सोडून दिलेलं होतं. मंगल सासरहून, श्रीगोंद्याहून, येऊन राहिली होती. तिनं ताट ठेवलं की ते हात जोडून म्हणायचे, "बाई, तुमी कशाला तरास घेता? मंडळी यील आता." चहावर जगत होते. पाहुणे पांगल्यावर मी मंगलला तेलाचं सगळं सांगितलं. ती भडकली. "आईचा वास लावून मी बापाम्होरं जाऊ? फसवू त्यांना? तिला जाऊन किती दिवस झालं?" तिचं चुकत नव्हतं. मी नुसती उठले, फडताळातून काकूंचं पितळी पातेलं काढलं आणि चुलीवर ठेवलं. काकूंनी शेवटचा वाळा आणि मंजिष्ठा डब्यात तशीच निवडून ठेवलेली होती, दारचे गुलाब होते, करडईचं तेल होतं. आदल्या दिवशी भिजत घालायला सवड नव्हती, मी तसाच काढा करत राहिले, मंगल उंबऱ्यावर पाठ करून बसून राहिली. पहिली वात तडतडली. दुसरीही तडतडली. तिसऱ्या वातीला मंगल माझ्याजवळ येऊन बसलेली होती. ती वात आवाज न करता जळाली आणि मंगलनं दोन्ही मनगटं माझ्यापुढं केली.

नानांनी ताट आणणारा हात धरला. वास घेतला. बराच वेळ धरून ठेवला. "आली व्हय," ते म्हणाले, "किती येळ... भूक लागलीय मला." दीड भाकरी खाल्ली. मंगल समोर बसून वाढत होती, डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, कारण एक हात त्यांनी सोडलेलाच नव्हता. पाणी प्यायल्यावर ते तिला अगदी घरगुती सुरात म्हणाले, "मंगलला बलाव की एकदा. पोरीला बगून लई दिवस झाले." मंगलनं मान हलवली, येईल अशी खूण केली. मी तिथून उठून परसात गेले.

आता पाच-सहा आठवडे होत आलेत. माझ्याकडची बाटली मी उघडली आहे. डोळ्यांखाली लावते, रेघा काही हटत नाहीत, पण घरभर काकू असतात. तेल संपत आलं की दुसरं करते आणि कर्जतच्या एसटीनं जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. परवा मीच घेऊन गेले. काकूंच्या खिडकीत तेलाची बाटली होती आणि तिला खेटून साबणाची वडी. मी विचारलं तर मंगल म्हणाली, सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या वेळी ती तेल लावते, त्यांचं पोट भरायला हवं. पण रोज दुपारी कोपरापर्यंत हात आणि तोंड साबणानं खसखसून धुते, वास अजिबात राहू देत नाही, आणि अर्धा तास नुसती त्यांच्यापुढं जाऊन बसते. ते अदबीनं विचारतात, "कोन पायजे, बाई?" मंगल काहीच खूण करत नाही... त्यांनी आपणहून ओळखावं म्हणून बसून राहते.