आमच्या घरी आग्रह नव्हता

फोन आला तेव्हा मी वन्संचा डबा भरत होते. पेणच्या दवाखान्यात त्यांना ठेवून सहा दिवस झाले होते. दोन पोळ्या, वाटीभर मऊ भात, मुगाचं वरण. फोन ह्यांनी घेतला, "हो… हो… येतो" एवढंच बोलले आणि मला म्हणाले, "डबा राहू दे आता." तरी मी झाकण लावलं. त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला सांगितलंय, "किती केलंत हो तुम्ही नणंदेचं!" विधवा नणंदेला आठ महिने घरात सांभाळणारी भावजय म्हणून आमच्या आळीत माझं नाव झालंय. ते नाव मला सहन होत नाही, म्हणून हे लिहायला बसलेय. पुरवणीत छापून आलं तर आळीनंही वाचावं.

वन्सं म्हणजे द्वारका, ह्यांची थोरली बहीण. नवरा रोह्याला कंपनीत कंत्राटावर होता, तो गेला तेव्हा वन्सं पस्तिशीच्याही नव्हत्या. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत न येता त्यांनी रोह्याला लागून असलेल्या वरशात दोन खोल्यांत खानावळ घातली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, भात. शिफ्टवरून सुटलेली माणसं सायकली लावून ओट्यावर बसायची आणि वन्सं वाढायच्या. वाढायच्या म्हणजे काय, ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून भात घालायच्या. त्यांच्याकडून अर्धपोटी उठलेला माणूस दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, असं ह्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं.

मला मात्र ते वाढणं कधी आवडलं नाही, आणि त्याचं कारण आज सांगून टाकते. माझं लग्न गागोद्याच्या पलीकडे, ह्यांच्या गावी झालं. माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता. व्याह्यांच्या पंगतीत वन्सं जिलब्यांचं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. वडील "नको, नको" म्हणत होते. आपल्याकडे नको म्हणजे नको असं कोण समजतं? नको म्हणायचं ते रीत म्हणून आणि वाढायचं तेही रीत म्हणून. वडिलांना रागवता येईना, उठता येईना. पाच जिलब्या खाल्ल्या त्यांनी, सगळी पंगत हसत होती, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. ते बरे झाले, पण मी मनात गाठ मारली. माझ्या घरी आग्रह नाही. पातेली टेबलावर ठेवायची, हवं ते हातानं घ्यायचं, आणि कुणी नको म्हणालं की तिथेच थांबायचं. शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे या नियमावर मी भाषणंही पुष्कळ दिली. वन्संना त्या जिलब्यांबद्दल एका शब्दानं बोलले नाही. बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

वीसेक वर्षांपूर्वी रोह्याच्या एका कंपनीत नवा प्लांट बसवायला कोरियाची माणसं आली. चौदा-पंधरा जण वरशात भाड्यानं राहिले. कॅन्टीनचं तेलकट सोसेना, म्हणून कुणीतरी त्यांना वन्संकडे आणलं. सुकटीची चटणी पाहून त्यांचे चेहरे असे फुलले की वन्संना वाटलं, ही माणसं मुळातली आपल्या खाडीकाठचीच असणार. ते त्यांना "इमो" म्हणायला लागले. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. त्यांच्याकडेही खानावळवाल्या बाईला मावशीच म्हणतात. इथवर सगळं छान होतं. पण वाटी संपली की त्यातला एखादा बसल्या जागेवरून मोठ्यानं ओरडायचा, "इमो, इगॉ दॉ जुसेयो!" मावशी, हे आणखी द्या.

मी दिवाळीच्या सुट्टीत तिथे होते. वन्सं चुलीपाशी तोंड फुगवून बसलेल्या. "माझ्या खानावळीत मानूस मांगून खातो, म्हंजी मी नीट वाढलाच नाय, असाच झाला ना गो मालू! पोटाला मांगायची पाळी आनली मी त्यांच्यावर." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग मी माझं शाळेतलं इंग्रजी घेऊन त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क गृहस्थांकडे गेले. पार्क त्यांचं आडनाव. त्यांनी फार नीट समजावलं. त्यांच्याकडे भाताबरोबर भाज्या-लोणच्यांच्या लहान वाट्या येतात. संपली की मागायची, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मागण्यात लाज नाही, उलट कुणी मागितलंच नाही तर रांधणारी हिरमुसते. मात्र मागण्यालाही रीत आहे. थोरल्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी सुरुवात करायची नाही, पुढ्यातली वाटी संपल्याशिवाय दुसरी मागायची नाही, वाटी घेताना दोन्ही हातांनी घ्यायची, आणि थोडंच हवं असेल तर तसं आधी सांगायचं, म्हणजे वाया जात नाही. पुरे म्हटलं की मग कुणी वाढत नाही… हे शेवटचं ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अख्खा एक देश माझ्या बाजूचा निघाला होता.

वन्संनी ऐकून घेतलं आणि हसत सुटल्या. "म्हंजी तोंड उघडून मांगायचा, नि वर मावशीनं खूश व्हायचा? बरा हाय गो त्यांचा!" त्याच संध्याकाळी मी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर जाड पेनानं सगळं मराठी अक्षरांत लिहून दिलं. 'हाना दॉ जुसेयो' म्हणजे आणखी एक द्या, ते भाकरीला. 'मुल' म्हणजे पाणी. 'जोगुम्मान दॉ जुसेयो' म्हणजे अगदी थोडंसं आणखी द्या. 'क्वेन्चानायो' म्हणजे राहू दे, चालेल. तो कागद भाताच्या टोपावर, भिंतीला चिकटवला. वन्सं चौथीपर्यंत शिकलेल्या, पण आठवड्याभरात त्यांचे उच्चार माझ्यापेक्षा बरे झाले. आणि मग त्यांनी एक लबाडी सुरू केली. मुद्दाम लहान वाट्या आणल्या आणि त्या अर्ध्याच भरायला लागल्या, का तर त्या लोकांनी मागावं म्हणून. ओट्यावरून "इमो!" अशी हाक आली की त्या पळतच बाहेर जायच्या. दीड वर्षानं ती माणसं परत गेली. निघताना पार्कसाहेब ओट्याखाली उभे राहून कमरेत वाकले, पोटभर जेवलो असं त्यांच्या भाषेत म्हणाले, आणि वन्संना काय करावं ते न कळून त्यांनी आणखी दोन भाकऱ्या बांधून दिल्या.

मागच्या वर्षी वन्संचे गुडघे कामातून गेले आणि खानावळ बंद झाली. हे जाऊन वन्संना पेणला घेऊन आले. पहिल्या दिवशी टेबलावर मी विचारलं, "वन्सं, भात वाढू आणखी?" त्या म्हणाल्या, "नको गो, बास झाला." मी थांबले. नको म्हणजे नको. मी माझ्या नियमाला जागले. त्यानंतर विचारण्याची गरजही वाटली नाही. पातेली समोर होती, घर त्यांच्या भावाचं होतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसायच्या, पहिल्यांदा ताटात जे पडेल तेवढं खायच्या आणि हात धुवायच्या. उरलेला भात मी शेजारच्या गाईला घालायचे. एकदा त्या म्हणाल्या, "रोजच उरतो काय गो?" मी म्हटलं, "हो ना, अंदाजच येत नाही." चार महिन्यांत त्यांचे ब्लाउज ढगळ झाले. मी मशीनवर बसून ते दोनदा आत घेतले आणि कसे छान बसले म्हणून स्वतःवर खूशही झाले. डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कसं आहे?" तेव्हा उत्तर मीच दिलं, त्यांच्यादेखत. "भूकच लागत नाही हो त्यांना." वन्सं खाली बघत होत्या. शेवटी छातीत कफ धरला आणि अंगात झगडायला काही शिल्लकच नव्हतं. दवाखान्यातून डबा रोज पुसून काढल्यासारखा रिकामा यायचा. मला वाटायचं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला देत असतील.

तेराव्याला रोह्याहून रखमी आली. कुंडलिकेकाठच्या कातकरवाडीतली, वीस वर्षं वन्संच्या हाताखाली भाकऱ्या थापलेली. पुढच्या खोलीत ह्यांच्या चुलतभावांना लाडवांचा आग्रह चालला होता. मेलेल्या माणसाच्या जेवणातही आपल्याला हे सुचतं. रखमी मागच्या दाराशी बसली. मी पान वाढलं, "हवं ते माग हो," म्हटलं आणि आत आले. परत गेले तर पान दुमडून ती बसलेली.

"मावशी शेवटाला जेवायची ना, बाई?" तिनं विचारलं.

"भूकच मेली होती त्यांची."

 "मावशीची भूक? तीन भाकऱ्या नि वर भात लागायचा तिला. समद्यांचा झाला का मंग आमी दोघी बसायचो. नको नको करायची, मी टाकायची, ती खायाची. मांगून कदी खाल्ला नाय तिनं. तुमी टाकत नव्हताव?"

 मी आतून भाताचं पातेलं आणि दुसरं पान आणलं आणि तिच्यापुढे भात घातला. "नको, नको बाई," ती म्हणाली, आणि सगळा संपवला. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी जेवताना मी हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू उगाच मनाला लावून घेतेस. तिनं तोंड उघडायला हवं होतं. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही." आणि असं म्हणून त्यांनी ताट किंचित पुढे सरकवलं, आणि मी भात वाढला. चाळीस वर्षांत या माणसानं मला "भात दे" असं म्हटलेलं नाही. आग्रह नसलेल्या घरात एका माणसाचं ताट मी न सांगता वाचत आले, आणि दुसऱ्याचं मला दिसलं नाही. मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "मागितलं होतं त्यांनी. तुम्ही हसलात. मीही हसले."

आमची नात आर्या कोरियन मालिकांची वेडी. सुट्टीत आली होती, तेव्हा "आजी, कोरियन बोल ना" म्हणून वन्संच्या मागे लागायची. वन्सं लाजून हात उडवायच्या. मग एका दुपारी मी वालाचं बिरडं केलं होतं. वन्संनी ताट चाटूनपुसून संपवलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि अगदी स्वच्छ म्हणाल्या, "जोगुम्मान दॉ जुसेयो." आर्या किंचाळलीच. "परत म्हण, परत, थांब, मोबाइल काढते!" ह्यांना हसून हसून ठसका लागला. मी टाळ्या वाजवल्या. अगदी थोडंसं आणखी द्या, हा त्या शब्दांचा अर्थ त्या टेबलावर वन्संखेरीज एकाच माणसाला ठाऊक होता, आणि ते शब्द त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिले होते. आपल्या बोलीत ज्या बाईला जन्मभर मागता आलं नाही, तिनं परक्या बोलीत मागून पाहिलं, आणि आम्हाला ती गंमत वाटली.

आर्याकडून तो व्हिडिओ मी मागवून घेतला. ह्यांनी पाहायला नकार दिला. मी रोज पाहते. वन्सं ते वाक्य दोनदा म्हणतात, मागे आमचा हसण्याचा गोंगाट. तिसऱ्यांदा म्हणताना त्या रिकामं ताट उचलून पुढे धरतात. उजवीकडून घड्याळ घातलेला एक हात येतो आणि ते ताट घेतो. मग माझा आवाज ऐकू येतो, चांगला प्रेमळ आवाज आहे.

"झालं ना वन्सं? द्या इकडे, मी मोरीत ठेवते."