रुसलेल्या काकांची किल्ली

हडपसरला हातगाडीवर प्लास्टिकच्या बादल्या विकत मी उभा राहिलो. आज बिबवेवाडीत भांड्यांचं स्वतःचं दुकान आहे. भाव करणं हेच माझं शिक्षण.

माझे दोन मित्र पेठेतले. एक बँकेत मॅनेजर, दुसरा शाळेत मास्तर. खरेदी निघाली की फोन मलाच. पण गेल्या दिवाळीत मास्तरच्या मुलीच्या साडीचा भाव मी पाडून दिला, आणि नंतर चहाला बसल्यावर हाच मास्तर सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठबरोबर दुकानात उभं राहायचं म्हणजे लाज वाटते हो." साडी मात्र ठेवून घेतली. ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यांनी एस्केप रूमला बोलावलं, तेव्हा याला एकदा दाखवून द्यायचंच, असं ठरवून मी गेलो.

खोली म्हणजे खोटं मंगल कार्यालय. कोडी सोडवत, कुलपं उघडत तासाभरात बाहेर पडायचं. रुखवतातल्या लाडवांखालची कुलपं, अंतरपाटावरचे आकडे, सगळं त्या दोघांनी भराभर सोडवलं. मला म्हणाले, "शेठ, तुम्ही बसा." बसवलं कुठे, तर नवरदेवाच्या खुर्चीत!

शेवटच्या दारापाशी नवरदेवाचे काका भिंतीकडे तोंड करून रुसून बसले होते. जिवंत माणूस, नट. किल्ली त्यांच्या कमरेला. नियम असा की हात लावायचा नाही, काकांनीच उठून दार उघडायला हवं.

मॅनेजरने नारळ दिला.

"लहान आहे," काका म्हणाले.

शाल घातली. "टोचते."

मास्तरने हात जोडले, "अहो काका, चुकलं आमचं."

"काय चुकलं? नीट सांगा."

दोघं जेवढं देत होते, तेवढे काका चढत होते. वेळ संपत आली. माझं डोकं तापलं.

"गप्प बसा दोघं! गरज दाखवल्यावर समोरचा उतरतो का कधी?" मग काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काका नाही म्हणतायत ना? राहू दे. पंगत बसली असेल. वाढप्याला सांगा, काकांचं ताट उचला."

आणि पाठ फिरवून चालू लागलो. बंद खोलीत जाणार कुठे? समोर भिंतच होती. तरी मागे पाहिलं नाही. दुकानातून निघताना मागे पाहिलं की सौदा गेला. नाक भिंतीला लागायला आलं, तेव्हा आवाज आला.

"अहो थांबा! जिलबी आहे का?"

"होती," मी म्हणालो.

कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज मी भिंतीकडे बघतच ऐकला.

बाहेर सुटून आलेल्यांना फेटे बांधून फोटो काढत होते. मॅनेजर म्हणाला, "मानलं, शेठ!" मास्तर म्हणाला, "बरं जमलं." बरं? मी फेटा काढून ठेवला. फोटो नको म्हणालो आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. मॅनेजर "या ना, या ना" करत राहिला. मास्तरने माझ्याकडे नीट पाहिलं आणि फोटोवाल्या मुलीला म्हणाला, "घ्या हो दोघांचाच. शेठचा फेटा उचला."

मला जावंच लागलं. पण मी मधोमध उभा राहिलो, आणि हसलोसुद्धा.

फोटो निघताना मास्तर कानाशी म्हणाला, "पुढच्या महिन्यात फ्रीज घ्यायचाय. या वेळी शेजारी उभा राहीन, अगदी खेटून."

मी लगेच हो म्हटलं नाही.