गुडघ्याच्या निमित्तानं

माकणीच्या खालच्या आळीत शिवलीलाची पिठाची गिरणी आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे चालवायचे. ते गेल्यावर सात-आठ महिने गिरणीला कुलूप होतं. नवरा शंभुलिंग टेम्पोवर, त्याला वेळ नाही. मग एके सकाळी शिवलीलानंच पदर खोचला आणि पट्टा चढवला. बाई गिरणी चालवते म्हणून लोक आधी बघायला आले, पुढं दळायला यायला लागले. कुणाला ज्वारी बारीक लागते, कुणाला गहू रवाळ, कुणाच्या घरात बिनदाताचं म्हातारं आहे म्हणून पीठ दोनदा काढायचं, हे सगळं तिच्या ध्यानात असायचं. डब्याला पडलेल्या पोच्यावरून ती घर ओळखायची. पंधरा वर्षं असं चाललं.

मागच्या दिवाळीनंतर मात्र तिला सकाळी उठवेना. डोळा पहाटेच उघडायचा, पण अंगावर कुणीतरी ओलं पोतं टाकावं तसं वाटायचं. आठची गिरणी नऊला, मग दहाला, मग कधी दुपारीच उघडायला लागली. पोरगी आरोही नर्सिंग शिकायला लातूरला गेली म्हणून हिला करमत नसेल, असं सगळ्यांनी धरलं. शिवलीलालाही वाटलं, तसंच असेल. पण पोरगी सुट्टीला आली, चार दिवस घरभर बडबडून गेली, तरी छातीवरचं ओझं जागचं हललं नाही. नवरा पीत नव्हता, मारत नव्हता. घरात खायला होतं. रडू येण्यासारखं काही घडलंच नव्हतं, आणि तीच तिची अडचण होती. कुणी विचारलं, "काय झालंय ग?" तर सांगायला तिच्याकडं काहीच नसायचं.

शंभुलिंगनं तिला येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला नेलं. बाटलीतलं टॉनिक आणलं. "अशक्तपणा हाय," असं तो येईल त्याला सांगायचा. वाईट माणूस नव्हता, पण टेम्पो बिघडला तर त्याला खालून वाकून बघता यायचं, आणि बायकोला कुठून बघायचं तेच त्याला कळत नव्हतं.

एका दुपारी सासू पार्वतम्मा शेतातून येत होती. गिरणी चालू होती, पण आवाज भलताच होता. दाणा संपून दगडावर दगड घासत होता, जळका वास सुटला होता. पार्वतम्मानं आत जाऊन बटण बंद केलं. शिवलीला तिथंच हातभर अंतरावर पाटावर बसलेली. डोळे उघडे.

"ऐकू आलं न्हाय व्हय तुला?"

शिवलीलानं मान वर केली. "न्हाय आत्या," ती म्हणाली. "खरंच न्हाय आलं."

पार्वतम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. तोंडानं फटकळ, सुनेला बोलायची संधी सोडत नसे. त्या दिवशी काही बोलली नाही. संध्याकाळी गावातल्या आशा कार्यकर्तीला, उमाबाईंना, घरी घेऊन आली.

उमाबाईंनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग म्हणाल्या, "उमरग्याला मंगळवारी एक बाई बसतात. समुपदेशक हायेत. त्यांच्याशी बोलायचं, लागलं तर डॉक्टर गोळ्या देतात. जाऊन तर या."

"म्या काय येडी हाय व्हय?" शिवलीला म्हणाली. कित्येक दिवसांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता.

"येड्या माणसाला कोण विचारतं झोप लागती का म्हणून?"

"तुमाला न्हाय कळायचं, ताई. गाडीत गावचे चार जण असत्यात. आज म्या तिथं गेले की उद्या गाव म्हणंल, गिरणीवालीच्या डोस्क्यात बिघाड झालाय. दोन वर्षांनी आरोहीला बघायला येतील. ते पहिलं काय विचारतील?"

पार्वतम्मा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माझा गुडगा दुखतोय."

दोघी तिच्याकडं बघायला लागल्या. या बाईचा गुडघा कधी दुखल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दिवसाकाठी दोन वेळा ती शेतात चालत जायची.

"लई दुखतोय," पार्वतम्मा म्हणाली. "मंगळवारी उमरग्याला दाखवायला जाणार. मला एकटीला जमायचं न्हाय, सून संगं पायजे."

मंगळवारी पार्वतम्मा नवऱ्याची जुनी काठी घेऊन लंगडत बसथांब्यावर आली. भेटेल त्याला गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगितलं. येताना सुनेसोबत लंगडतच उतरली. शेजारची इरम्मा थांब्यावरच होती. ती म्हणाली, "पार्वतम्मा, सकाळी उजवा पाय धरलावता नव्हं?"

"दोन्हीबी हायेत," पार्वतम्मा म्हणाली. "पाळी लावून घेतलीय."

शिवलीलाच्या ओठाचा कोपरा हलला. हसू म्हणण्यासारखं नव्हतं ते, पण पार्वतम्मानं बघून ठेवलं.

त्या पहिल्या दिवशी दवाखान्यात बराच वेळ काही घडलंच नव्हतं. समुपदेशक अर्पिता म्हणजे पंचविशीची पोर. हिला काय सांगायचं, असं शिवलीलाच्या मनात आलं. "बरी हाय," एवढंच ती म्हणत राहिली. अर्पितानं जोर केला नाही. गिरणी कशी चालते ते विचारलं. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी कधी लावायची, ते कसं ओळखता? शिवलीला म्हणाली, पीठ हाताला गरम लागतं, भाकरी थापताना तुटते, बायका तक्रार करतात. त्यावर अर्पिता म्हणाली, "तुम्हालाच टाकी हवी, अशी तक्रार घेऊन कुणी आलं नाही वाटतं अजून." निघताना अर्पितानं साधाच प्रश्न विचारला, जगणं नको वाटतं का. शिवलीला बराच वेळ पदराचा काठ चोळत राहिली. मग म्हणाली, "मरावं असं न्हाय वाटत. निजावं आन उठूच नये, असं वाटतं."

हे ती आजवर कुणाला बोलली नव्हती. अर्पिता दचकली नाही, उपदेशही केला नाही. "हे सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाली. शेजारच्या खोलीत डॉक्टर होते, त्यांच्याकडं स्वतः घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील, मध्येच सोडायच्या नाहीत.

शिवलीलानं पाचव्या दिवशी सोडल्या. तोंड कोरडं पडायचं, दुपारी गुंगी यायची, फरक काही नाही. दुसऱ्या भेटीला ती कशीबशी गेली, पण गोळ्यांचं सांगितलं नाही. तिसऱ्या मंगळवारी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. "मला नगं ते. बोलून काय हुतंय?"

पार्वतम्मानं काठी उचलली आणि एकटीच गाडीत बसली.

संध्याकाळी परत आली तेव्हा शिवलीला तशीच पडून होती. पार्वतम्मा तिच्या उशाशी बसली.

"तुझ्या खुर्चीवर म्या बसून आले," ती म्हणाली. "त्या पोरीला म्हणलं, सून येत न्हाय तर माझं लिहून घे."

"तुमचं काय?"

पार्वतम्मानं डाव्या हाताची बाही वर सरकवली. दंडावर तीन डाग होते. जुने, कातडी चकाकलेली. शिवलीलानं ते शेकडो वेळा पाहिले होते. चुलीवर भाजलं असेल, असं समजून कधी विचारलं नव्हतं.

"शंभूच्या पाठीवर एक पोरगी झालीवती. म्हैन्याची हून गेली. त्यानंतर दोन वरीस म्या अशीच हुते, यव्वा. शंभू रडायचा, मला उठवायचं न्हाय. सासूनं देवरशाकडं नेलं. बाहेरचं हाय म्हणला, चटके दिले. दुसऱ्या दिवशी म्या उठून कामाला लागले. लोक म्हणले, गुण आला." तिनं बाही खाली ओढली. "गुण न्हवता आला. पुन्यांदा नेतील म्हणून उठले. आतलं तसंच राहिलं, किती वरीस कुणास ठाऊक. तुला तर नुसतं बोलायला बोलावत्यात."

शिवलीला उठून बसली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवण्याइतकी त्यांची सवय नव्हती. तिनं फक्त तो दंड बाहीवरूनच हातात धरला. दोघी तशाच बराच वेळ बसल्या. बाहेर टेम्पो लावून शंभुलिंग आत आला आणि आईला, बायकोला तसं बघून पुन्हा बाहेर गेला.

पुढच्या मंगळवारी शिवलीलानं गोळ्या सोडल्याचं कबूल केलं. डॉक्टर रागावले नाहीत, गोळी बदलून दिली. अर्पितानं काम दिलं ते एवढंसं होतं की शिवलीलाला लाज वाटली: रोज सकाळी फक्त गिरणीचं दार उघडायचं आणि दहा मिनिटं उंबऱ्यावर बसायचं. दळण घेतलंच पाहिजे असं नाही. पहिल्या आठवड्यात तिला तेही चारदाच जमलं. उन्हाळा लागेपर्यंत ती रोज तीन तास गिरणी चालवायला लागली. मधले काही दिवस पुन्हा वाईट गेले. पण वाईट दिवसानंतर बरा दिवस येतो, हे आता तिनं बघितलेलं होतं.

गुडघ्याचं सोंग मात्र चालूच होतं. आणि मे महिन्यात ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. हाडांच्या डॉक्टरांचं शिबिर. इरम्मानं मायेनं पार्वतम्माचं नाव पहिलं लिहून ठेवलं. नाही म्हणायची सोय राहिली नाही. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबले, वाकवले, म्हातारीला उठबस करायला लावली.

"आजी, गुडघे एकदम ठणठणीत हायेत. काठी कशाला घेता?"

मांडवातल्या बायका हसल्या. इरम्मा म्हणाली, "अगं मग दर मंगळवारी उमरग्याला कशाला जाताव?"

पार्वतम्माला कधी शब्द कमी पडत नसत. त्या वेळी मात्र ती खाली बघत चप्पल शोधायला लागली. चार-पाच महिने गावाचं हसं अंगावर घेऊन ही म्हातारी लंगडत होती, आणि आता खोटारडी ठरत होती. शिवलीलाला ते बघवेना.

"इरम्माक्का, आत्याचा गुडगा न्हाय," ती म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "माझं औषध चालू हाय. मनाचं. मला झेपत नव्हतं, म्हणून आत्या माझ्यासाठी लंगडत हुत्या."

डॉक्टरांनीच पुढचं नाव पुकारलं.

त्यानंतर काय झालं? तिला वाटलं होतं तेवढं नाही, आणि अगदीच नाही असंही नाही. दोन घरांनी दळण दुसरीकडं न्यायला सुरुवात केली. एक लांबची नणंद फोनवर शंभुलिंगला नको ते बोलली. त्यानं तिला एवढंच सांगितलं, "डॉक्टरनं औषध दिलंय, ती घेतीय. तुला दुसरं काय इचारायचं हाय?" आणि फोन ठेवला. आरोहीला शिवलीलानं स्वतः सांगितलं, तिच्या लग्नाच्या भीतीसकट सगळं. पोरगी म्हणाली, "आई, मला आधी सांगायचं ना. मी सुट्टीत एवढी बडबड करत होते, आणि तू नुसतं व्हय व्हय म्हणत होतीस." आणि ती रडली.

इरम्मा आठवडाभर आली नाही. मग एका सकाळी ज्वारीचा डबा घेऊन आली, डबा ठेवला, आणि गेली नाही. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून शिवलीलानं दळण संपेपर्यंत थांबून बटण बंद केलं.

"माझ्या भावाची पोरगी हाय नळदुर्गाला," इरम्मा म्हणाली. "बाळातीण हून तीन म्हैने झाले. पोराला घेतच न्हाय. तुझ्यासारखंच हाय का, मला कळंना."

शिवलीलानं हातावरचं पीठ झटकलं आणि बसायला पाट पुढं सरकवला. "बसा," ती म्हणाली. "झोपती का ती? आधी मला ते सांगा."