अर्धी लाखोळी

सत्तरच्या दशकात मी पवनीच्या शाळेत आठवीत होते. आमच्या घरी तुरीची दाळ सणावारालाच, एरवी लाखोळी. उभ्या धानातच बाबा तिचं बी बांधीत, भाताच्या खाचरात, फेकायचे आणि वर्षभर तीच माझ्या डब्यात, भातावर. लाखोळी खाल्ली की पाय जातात, असं तेव्हा सगळेच म्हणत.

एका मधल्या सुट्टीत पोरींनी माझा डबा पाहिला. मग मी उठले की चार-पाच जणी मागून लंगडत यायच्या.

"हळू चाल वं लंगडे, पडशीन!"

"हिचं लग्न खाटेवरच लावा लागन!"

एकदा मास्तरही हसले. घरी मी भिंत धरून पाय ताणून पाहायची. मायला विचारलं, तर म्हणाली, "आमी का लंगडे झालो? खाय गुमान."

माझ्या बाकावर एका किराणावाल्याची पोरगी बसायची. एक दिवस सगळ्यांसमोर तिनं माझा डबा ओढला. "मले दे वं. मस्त लागते." मग रोजचंच झालं. तिची पोळी मला, माझी अर्धी लाखोळी तिला. हसणाऱ्यांना म्हणायची, "दोघी लंगड्या झालो तं एकमेकीले धरून चालू. तुमच्या बापाचं का जाते?"

शाळेत मी पोटभर जेवले ते तेवढेच दिवस.

दिवाळीनंतर एका सकाळी ती फाटकातून लंगडत आली. खरंच लंगडत होती, टाच टेकत नव्हती. मागून कुणी ओरडलं, "घ्या, चढली लाखोळी!"

मी तिला काही विचारलंच नाही. तशीच घरी पळाले आणि पुन्हा शाळेत गेले नाही. मी नसले तर ती खाणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

काही दिवसांनी ती आमच्या अंगणात आली. धड चालत.

"बाभळीचा काटा रुतला होता वं. तू काहून येऊन नाही राहिली?"

तोवर भिलाईला मोठ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मला पाठवायचं ठरलं होतं. पेटी भरून दारात ठेवली होती. मी म्हटलं, "मन नाही लागत शाळेत."

ती पेटीकडे पाहत राहिली. "मंग मी कोनासंग जेवू?"

पुढं माझं लग्नही भिलाईतच झालं. ती कुठं आहे, ठाऊक नाही. आता गुडघे दुखतात. जिना उतरताना पाय बधिर झाला की आजही तीच जुनी धडकी भरते. कठडा धरते आणि उभी राहते. मला धरून चालणारी एकजण होती. तिलाच वाचवायला म्हणून मी तिला सोडून आले.